गाडीचा उसिर कुठे अडला?

अक्काचा इंदूरहून फोन आला की आधी पाचदहा मिनिटं घरच्या गप्पा होतात. २००६ च्या डिसेंबरात आला तो फोन मात्र सरळ मुद्द्यावर आला. "अप्पांची गाडी आता काढून टाकावी म्हणते. परवा सिमरोळच्या घाटात पोरीला मागे घेऊन हे येत होते. चढावर गाडी एकदम मेली. पहिल्या गिअरवर रांगत होती आणि मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न. पोरगी दोन दिवस झोपेत दचकत होती."

अप्पांची गाडी म्हणजे येझदी. आपल्या मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा गाड्या निघू लागल्या. पुढे १९७० च्या दशकात त्यांनाच येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. बेळगावात अप्पांनी ही गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. ते गेल्यावर ती रेल्वेच्या पार्सलने अक्काकडे इंदूरला गेली.

भावोजींनी गाडी एका गॅरेजात दाखवली होती. तिथल्या मिस्त्रीने दोन किका मारल्या आणि निकाल दिला, "इंजिन गेलंय. बोअर करावा लागेल, पिस्टन नवा." खर्च मोठा होताच, पण माझी काळजी वेगळी होती. बोअर एकदा केला की सिलिंडर मोठा होतो, तो परत लहान होत नाही. बंद पडलेल्या कारखान्याचा पिस्टन जुन्या बाजारात मापाचा मिळेलच असंही नाही. मी म्हटलं, "भावोजी, मी येईपर्यंत इंजिनला पाना लावू देऊ नका."

अक्काचं घर कृष्णपुऱ्यात. लहानपणी नाव ऐकून आम्हाला वाटायचं, आपली कृष्णा तिकडेही वाहते की काय! ही कृष्णा म्हणजे होळकर घराण्यातल्या कृष्णाबाई. राजवाड्यापासून जवळच, खान नदीच्या काठी त्यांची दगडी छत्री आहे. शेजारी दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्याही छत्र्या आहेत. सकाळी पोहे-जिलेबीची गर्दी सुरू होण्याआधी या भागात शांतता असते. गाडीचा आवाज ऐकायला ती वेळ उत्तम.

आधी विचारा, मग उघडा

पिकअप गेला की आपण लगेच इंजिनावर संशय घेतो. पण पहिला प्रश्न असा विचारायचा : इंजिन पळतंय पण गाडी पळत नाही, की इंजिनच पळत नाही? अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिन किंचाळतं आणि वेग मात्र तेवढाच राहतो, तर क्लच प्लेटा घसरताहेत. मी पुलावरून एक फेरी मारली. इंजिन किंचाळत नव्हतं. चाळीसच्या पुढे ते गुदमरल्यासारखं 'बू' करत होतं आणि जास्त पिळलं की आणखीच बसत होतं. म्हणजे क्लच सुटला.

दुसरा प्रश्न : कोणी मागे ओढतंय का? गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवलं, मग पुढचं उचलून तेही. दोन्ही मोकळी फिरली. ब्रेक लायनर चिकटत असते तर चाक अडखळलं असतं आणि फेरीनंतर ड्रम गरम लागला असता. चेन फार ताणलेली नव्हती, टायरमध्ये हवाही होती.

तिसरा प्रश्न पेट्रोलचा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल खाली उतरत नाही आणि काही अंतर गेल्यावर गाडी आचके देते. झाकण सैल करून फेरी मारली, फरक शून्य. कार्ब्युरेटरची नळी काढून कॉक उघडला, तर धार चांगली जाड. जेट काढून उजेडात धरला, भोक स्वच्छ. एअर फिल्टर मळलेला होता. तो झटकून बसवला, किंचित फरक पडला, पण रोग तो नव्हता.

चौथा प्रश्न ठिणगीचा. पॉइंट साफ होते, गॅप बरोबर, ठिणगी निळी. प्लग मात्र काळाकुट्ट आणि तेलकट निघाला. निरोगी प्लगचं टोक चॉकलेटी असतं. हा काळा प्लग काहीतरी सांगत होता, पण त्या वेळी मला ते नीट ऐकू आलं नाही.

पाचवा प्रश्न, मिस्त्रीने ज्याचा निकाल दिला तो : दाब. इग्निशन बंद ठेवून किकवर सावकाश वजन दिलं. किक चांगली अडली, तिने पाय वर रेटला. पिस्टन-रिंगा झिजलेल्या असत्या तर ती मऊ गेली असती. मग बोअर कशासाठी?

अव्वाचं निदान

दुपारी बेळगावला फोन केला. अव्वाला गाडीतलं काही कळत नाही. मी सगळं सांगितल्यावर ती सहज म्हणाली, "अदर उसिर कट्टैती, नोड." तिचा श्वास कोंडलाय, बघ.

मी जागीच थांबलो. आत काय जातं ते मी सकाळभर तपासलं होतं. बाहेर काय येतं ते बघितलंच नव्हतं!

येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. इंजिन चालू करून दोन्ही नळ्यांमागे थोडं अंतर ठेवून तळहात धरले. डावीकडून फुंकर बरी लागत होती. उजवीकडून तर म्हाताऱ्याने दिवा विझवावा तशी. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेल जळतं आणि त्याची काजळी धुराच्या वाटेवर बसते. वाट अरुंद झाली की जळका वायू पुरता बाहेर पडत नाही आणि ताज्या मिश्रणाला आत जागा मिळत नाही. सावकाश चालवताना हे जाणवत नाही. चढावर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर, ती गुदमरते.

खात्रीसाठी मागच्या टोकाचे बोल्ट सोडून दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या नळ्या ओढून काढल्या आणि तशीच एक छोटी फेरी मारली. आवाजाने कबुतरं उडाली, पण गाडी सुसाट गेली. निदान पक्कं झालं. नळ्यांवर बोटभर डांबरासारखी काजळी होती. मोकळ्या जागेत त्या जाळल्या आणि तारेच्या ब्रशने घासल्या. सिलिंडरच्या तोंडाशी पिस्टन वर घेऊन भोक झाकलं, म्हणजे कचरा आत पडत नाही, आणि लाकडी पट्टीने तिथलाही कार्बन खरवडला. खर्च झाला तो दोन गॅस्केटांचा आणि साबणाचा.

मग दोष कुणाचा?

एवढी काजळी आली कुठून, हे विचारल्याशिवाय काम पुरं होत नाही. "तेल किती घालता?" मी भावोजींना विचारलं. त्यांनी एक स्टीलचा पेला पुढे केला. "तुम्हीच सांगितलं होतं ना, जुनं इंजिन आहे, तेल जरा जास्तच घाला म्हणून."

खरंच, मीच सांगितलं होतं. गाडी पार्सलला टाकताना, अप्पांची आठवण जपावी म्हणून. पुस्तकातल्या मापापेक्षा तो पेला जवळजवळ दीडपट भरत होता. माझ्या त्या मायेनेच गाडीचा गळा आवळला होता आणि भाचीला त्या चढावर अडकवलं होतं. मिस्त्रीला नावं ठेवणारा मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे भावोजी आणि मी त्याच घाटात गेलो. चढ गाडीने कुरकुर न करता पार केला. परत आल्यावर भाचीला म्हटलं, "चल, राजवाड्यापर्यंत." ती आधी अक्काकडे बघत राहिली. मग हळूच मागे बसली आणि माझा शर्ट दोन्ही मुठींत घट्ट धरला. छत्रीपाशी वळताना एक मूठ सैल झाली.

आजच्या गाड्यांसाठी

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा नियम आले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. इंजिनाचा दिवा लागला तर सेन्सरचा कोड यंत्रावर वाचून घ्यावा लागतो. या गाड्यांच्या धुराच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यामुळे सायलेन्सर जाळणं-खरवडणं अजिबात करू नये. पण प्रश्नांचा क्रम तोच : क्लच, ब्रेक, पेट्रोल, हवा, ठिणगी, दाब, धूर. फुकटचं आधी तपासायचं, महागाचं शेवटी. आणि चढावर गाडी दम टाकू लागली तर दामटू नका. कडेला घ्या, मागच्याला उतरवा.

स्टीलचा तो पेला अक्काने स्वयंपाकघरात परत नेला. त्या जागी मी खुणा केलेलं माप ठेवून आलो.