न हलणारा हात का थकतो?

एक साधा प्रयोग करा. बादलीत पाणी घालून तिचे एकूण वजन ५ किलोग्रॅम करा. कोपर काटकोनात वाकवून ती एका हातात धरा आणि स्तब्ध उभे राहा. थोड्याच वेळात हात भरून येईल, मग थरथरू लागेल.

आता भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. बादली हललीच नाही, तेव्हा तिच्यावर तुम्ही केलेले कार्य शून्य! हीच बादली खुंटीला अडकवली तर खुंटी थकत नाही. मग हातच का थकतो?

प्रथम बल किती लागते ते पाहू. हात ही एक तरफ आहे आणि कोपर हा तिचा टेकू. बादली टेकूपासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर, तर दंडाचा स्नायू हाडाला जोडलेला असतो जेमतेम ५ सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूला सातपट, ३५ किलोग्रॅम भाराएवढे बल लावावे लागते!

हे बल येते कोठून? स्नायू म्हणजे केसासारख्या बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत आणखी सूक्ष्म धागे असतात व त्या धाग्यांत ओळीने लहान लहान खंड. एकेक खंड मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा! त्यात दोन प्रथिनांच्या तारा असतात: मायोसिनच्या जाड व अ‍ॅक्टिनच्या बारीक. स्नायू आखडताना या तारा आखूड होत नाहीत, एकमेकींवरून सरकतात. १९५४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे हे मांडले. एकात अँड्र्यू हक्सले होते, दुसऱ्यात ह्यू हक्सले. आडनाव एकच, नाते मात्र नाही.

मायोसिनच्या तारेला अनेक डोकी असतात. डोके अ‍ॅक्टिनला पकडते, ओढते, सोडते, पुन्हा पकडते. दर फेरीला एटीपी या पदार्थाचा एक रेणू खर्ची पडतो. बादली स्थिर असली तरी ही ओढाताण चालूच राहते आणि खर्च झालेल्या ऊर्जेची उष्णता बनते. खुंटीत असे काही घडत नाही.

आमच्या देवरीकडे पावसाळ्यात धानाची रोवणी चालते. बायका दिवसभर बांधीत वाकून असतात. हातातले पऱ्हे हलके. पण वाकलेले धड पाठीचे स्नायू सतत सावरून धरतात. त्या श्रमाचा हिशेब कार्याच्या सूत्राने केला, तर उत्तर फारच थोडे येईल. सूत्र चूक नाही. ते बादलीचा हिशेब देते, स्नायूचा नाही.