पेडल अपग्रेड: कसारा घाटात माझा पाय घसरला, त्याची गोष्ट

खर्डीच्या पुढे नेटवर्क गेलं की एपिसोड मध्येच अडकतो, अशी तुमची तक्रार असते. म्हणून हा भाग लिहूनही टाकतोय. बोलल्यासारखाच लिहिलाय, सांभाळून घ्या.

आजचा विषय मॅन्युअल स्पोर्टी गाडीचे पेडल बदलणं. ते चकचकीत ॲल्युमिनियमचे, मध्ये काळे ठिपके असलेले. रीलमध्ये भारी दिसतात. मीही त्यालाच भुललो.

माझी गाडी म्हणजे सेकंड हँड पोलो, 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, 110 पीएस. चाकणला बनलेली. खरी स्पोर्ट्स कार आपल्या पगारात बसत नाही, पण ही वळणावर मजा देते. आणि घर कसाऱ्यात, म्हणजे वळणं दारातच.

ऑनलाइन तीन पेडलचा सेट मागवला. वरून बसवायचे कव्हर, मागून दोन पट्ट्या आणि स्क्रू. वीस मिनिटांत काम झालं. त्याच रविवारी नाशिकहून परत येत होतो. जुलै महिना, घाटनदेवीपाशी धुकं, पायात ओल्या चपला. पुढे एक ट्रक रांगत उतरत होता. मी ब्रेक दाबत तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो आणि ब्रेकवरचं कव्हर गर्रकन फिरलं. पाय घसरला तो थेट ॲक्सिलरेटरवर. गाडीने ट्रकच्या दिशेने उडी मारली. डाव्या पायाने क्लच पूर्ण दाबला, उजवा पाय कसाबसा परत ब्रेकवर आला. थांबलो तेव्हा ट्रकच्या मागची अक्षरं वायपर न लावताही वाचता येत होती.

याच घाटात एका जागेला लोकांनी ‘ब्रेक फेल पॉइंट’ नाव पाडलंय. माझे तर ब्रेक फेल झालेच नव्हते. फेल झालं होतं ते मी हौसेने बसवलेलं कव्हर.

आधी हे समजून घ्या: पेडल बदलून नेमकं काय बदलतं?

ताकद? शून्य. ब्रेकचं पेडल म्हणजे एक तरफ आहे. पायाचा जोर ती काही पटींनी वाढवते, पुढे बूस्टर तो आणखी वाढवतो. वरचं कव्हर बदलून या गणितात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. बदलतात त्या दोनच गोष्टी: तळव्याची पकड आणि पेडलची जागा.

जागा का महत्त्वाची, ते हील-अँड-टो मुळे. उतारावर ब्रेक लावताना खालचा गिअर टाकायचा असतो. समजा तिसऱ्यात इंजिन 2,500 आरपीएमवर आहे, तर त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला साधारण 3,500 ते 4,000 लागतील. क्लच तसाच सोडला तर गाडी झटका खाते आणि ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरू शकतात. म्हणून चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी द्यायची. आरपीएम वर येतात, गिअर लोण्यासारखा पडतो.

आता बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा थोडं वर असतं. ब्रेकवर जाड कव्हर चढवलं की ते आणखी वर येतं आणि टिचकी द्यायला पाय पोचत नाही. उलट ॲक्सिलरेटरवर रुंद कव्हर बसवलं तर घाईत एकाच पायाखाली दोन्ही पेडल येतात. शिवाय अनेक नव्या गाड्यांमध्ये ब्रेक दाबलेला असताना ईसीयू ॲक्सिलरेटरकडे दुर्लक्ष करतो. अशा गाडीत कितीही महागडं पेडल लावा, टिचकी पोचेलच असं नाही. आधी आपली गाडी काय करते ते बघा.

माझी चूक गॅरेजवाल्या काकांनी दाखवली

लतिफवाडीच्या पुढे त्यांनी गाडी वर न घेताच, नुसतं वाकून पाहिलं. चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, पकड. मूळ रबर मऊ असतं, पाणी असलं तरी बुटाला धरतं. गुळगुळीत धातूवर चिखलाचं पाणी म्हणजे साबण. धातू हवाच असेल तर रबराचे ठिपके चांगले वर उठलेले हवेत, नुसते रंगवलेले नकोत.

दुसरी, बसवणं. पट्टी-स्क्रूवालं कव्हर मूळ रबराच्या वरून बसवलं की रबर दबतं, स्क्रू सैल होतो आणि कव्हर फिरतं. माझं तसंच झालं. काही गाड्यांना कंपनीचंच, रबर काढून त्याच जागी घट्ट बसणारं पेडल कव्हर मिळतं. ते घ्या. ॲक्सिलरेटर बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, त्याला ड्रिल लावू नका.

तिसरी, मॅट. लांब केलेल्या ॲक्सिलरेटरचं खालचं टोक मॅटमध्ये अडकू शकतं. हसू नका. 2009 मध्ये टोयोटाला अमेरिकेत याच कारणासाठी, मॅटमध्ये पेडल अडकण्याच्या धोक्यामुळे, सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला होता.

चौथी गोष्ट विचारली ती अशी: “ब्रेक ऑइल कधी बदललंस?” मी गप्प.

डॉट 4 ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल स्पंजासारखं आत जातं. पेडलचं खरं अपग्रेड म्हणाल तर हे आहे, आणि ते दिसतही नाही.

घरी बाबांना सांगितलं. ते रेल्वेतून रिटायर झालेत. आपल्या घाटात रुळाला 1:37 चा चढ आहे, म्हणून कसाऱ्याला गाड्यांना बँकर इंजिनं लावतात, हे तुम्हाला माहीतच आहे. बाबा एवढंच म्हणाले, “आम्ही उतारावर गाडी सोडायच्या आधी ब्रेक बघायचो. तू नवं पेडल लावून थेट घाटात बघायला गेलास?”

म्हणून, बदल केलात तर हे करा

इंजिन बंद ठेवून प्रत्येक पेडल तळापर्यंत दाबा. मॅटला कुठे लागतंय का बघा. कव्हर हाताने जोरात पिळा, केसभर हललं तरी काढून टाका. बूट ओले करून पुन्हा दाबून बघा. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर कचकन ब्रेक लावून पाहा. आठवड्याने स्क्रू परत तपासा. एवढं झाल्यावरच घाट.

माझं? मूळ रबर फेकलं नव्हतं, तेच परत चढवलं. ब्रेक ऑइल बदललं आणि गाडीत एक जोडी पातळ तळव्याचे बूट ठेवले. आता खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर निवांत उतरतो. ते चकचकीत कव्हर टेबलावर आहेत, पेपरवेट म्हणून मस्त चालतात.

तुमच्या गाडीत असे कव्हर असतील तर आज खाली उतराल तेव्हा एकदा पिळून बघा. भेटू पुढच्या भागात!