लाकूड खाणारे दोन कीटक

जबलपूरच्या ग्वारीघाटावरून वाहणारी नर्मदा अमरकंटक येथे उगम पावते आणि दिंडोरी, मंडला या जिल्ह्यांतून येथवर येते. तिच्या वरच्या खोऱ्यात शालवृक्षांची अरण्ये आहेत. शालाचे लाकूड, बी आणि पत्रावळींसाठी लागणारी पाने यांचा तेथील गोंड व बैगा कुटुंबांना मोठा आधार असतो. 1997 च्या सुमारास या अरण्यांवर एका कीटकाने संकट आणले. त्या वेळी लाखो झाडे तोडावी लागली.

हा कीटक म्हणजे शालाचे खोड पोखरणारा, लांब मिशांचा भुंगेरा. पावसाच्या पहिल्या सरी येताच तो खोडातून बाहेर पडतो. मादी सालीच्या भेगांत अंडी घालून निघून जाते. अळ्या प्रथम सालीखालचा रसवाही थर खातात व नंतर आतील लाकूड पोखरतात. त्यामुळे झाड वाळते. बुंध्याशी साचलेला भुसा ही या किडीची खूण होय. कोषावस्था संपल्यावरही भुंगेरा पुढील पावसाळ्यापर्यंत खोडातच राहतो.

लाकूड खाणारा प्रत्येक कीटक मात्र झाडाचा शत्रू नसतो. ईशान्य भारताच्या दमट अरण्यांत पॅनेस्थिया नावाची झुरळे आढळतात. कुजलेला ओंडका हेच त्यांचे घर आणि तेच अन्न. अंडी मादीच्या शरीरातच उबतात आणि पिले ओंडक्यात वाढतात. त्यांना कोषावस्था नसते. कात टाकत ती मोठी होतात आणि प्रौढांप्रमाणेच लाकूड खातात. जिवंत झाडाला त्यांचा उपद्रव नसतो. उलट, मृत लाकूड मातीत मिसळण्यास त्यांची मदत होते.

दोघांचे अन्न लाकूडच. परंतु एकाला ताजे खोड हवे, तर दुसऱ्याला कुजलेले. उपाय ठरवताना हाच भेद उपयोगी पडतो. तोडलेली किंवा नुकतीच पडलेली शालाची झाडे पावसाळ्यापूर्वी वनातून हलवावी लागतात. भुंगेरे पकडण्यासाठी ताज्या ओंडक्यांची टोके ठेचून ठेवतात. रसाच्या वासाने आलेले भुंगेरे वेचून नष्ट केले जातात. पूर्ण कुजलेल्या ओंडक्यात मात्र हा भुंगेरा वाढत नाही. म्हणून तो हलवण्याचे कारण नसते.

एरवी हा भुंगेराही दुर्बल व पडलेल्या झाडांवरच जगतो. त्याची संख्या बेसुमार वाढली, की निरोगी झाडेही त्याला बळी पडतात. म्हणूनच वनरक्षणाचा आरंभ कीटक मारण्यापासून नव्हे, तर त्याला ओळखण्यापासून होतो.