नेहमी म्हणजे किती वेळा?



एखादं काम आपण किती वेळा करतो हे सांगायला मराठीत पुष्कळ शब्द आहेत. नेहमी, सहसा, पुष्कळदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही. इंग्रजीतही असे शब्द आहेत. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. त्याच्या आधी ते पाचवीपासून होतं. म्हणून काही पालकांना हे शब्द उशिरा भेटले असतील. सगळ्यांना समजावं म्हणून मी पहिल्यापासून लिहितो.

महत्त्वाचे शब्द सहा आहेत.

ऑलवेज म्हणजे नेहमी, एकदाही न चुकता.
युज्वली म्हणजे सहसा, बहुतेक वेळा.
ऑफन म्हणजे पुष्कळदा. याच्या स्पेलिंगमध्ये टी आहे. काही लोक तो म्हणतात, काही म्हणत नाहीत. दोन्ही चालतं.
समटाइम्स म्हणजे कधी कधी.
सेल्डम म्हणजे क्वचित. रेअरली म्हटलं तरी तेच.
नेव्हर म्हणजे कधीच नाही.

बाई म्हणाल्या, मोठ्या वर्गात गेल्यावर यांना क्रियाविशेषण म्हणायचं. आपण सध्या त्यांना मोजायचे शब्द म्हणू.

कोणता शब्द कुठं लावायचा हे कळायला भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. त्यात सगळे शब्द सापडतात.

आठवड्याला सातच दिवस असतात. म्हणून, अ वीक ऑलवेज हॅज सेव्हन डेज.
बारा इंग्रजी महिन्यांपैकी ७ महिने ३१ दिवसांचे आहेत. म्हणून, अ मंथ ऑफन हॅज थर्टीवन डेज.
चार महिने ३० दिवसांचे आहेत. अ मंथ समटाइम्स हॅज थर्टी डेज.
२८ दिवसांचा फक्त फेब्रुवारी. अ मंथ सेल्डम हॅज ट्वेंटीएट डेज.
३२ दिवसांचा इंग्रजी महिना नाहीच. अ मंथ नेव्हर हॅज थर्टीटू डेज.

राहिला युज्वली. तो फेब्रुवारीलाच लावू. फेब्रुवारी युज्वली हॅज ट्वेंटीएट डेज. पण २०२४ साली तो २९ दिवसांचा होता. ज्या सालाला ४ ने भाग जातो त्या साली तो २९ दिवसांचा असतो. मग इथं ऑलवेज लावावं का? नाही. १९०० ला ४ ने भाग जातो, तरी त्या साली फेब्रुवारी २८ दिवसांचाच होता. म्हणून इथंसुद्धा युज्वलीच म्हणायचं. एक जरी वेळ चुकली तरी ऑलवेज म्हणता येत नाही. हा शब्द फार कडक आहे.

आता हे शब्द वाक्यात कुठं बसवायचे ते सांगतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘आई नेहमी पहाटे चुलीवर पाणी तापवते.’ नेहमी कुठं आणि तापवते कुठं, मधे किती शब्द! इंग्रजीत तसं नाही.

नियम पहिला. मोजायचा शब्द क्रियापदाच्या अगदी आधी येतो. आय ऑलवेज ब्रश माय टीथ. शी ऑफन हेल्प्स हर मदर. ‘शी’ आली की हेल्पला एस लागतो. मधे ऑफन आला म्हणून तो एस काढायचा नाही.

नियम दुसरा. वाक्यात ऍम, इज, आर असेल तर मोजायचा शब्द त्याच्या नंतर येतो. द कॅट इज ऑलवेज हंग्री. वी आर नेव्हर सॅड ऑन संडे.

नियम तिसरा. हॅव, कॅन असे मदतनीस शब्द असतील तर मोजायचा शब्द मदतनीस आणि क्रियापद यांच्या मधे बसतो. आय हॅव नेव्हर सीन द सी. म्हणजे मी समुद्र कधीच पाहिला नाही.

नियम चौथा आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा. मराठीत ‘मी कधीच चहा पीत नाही’ म्हणताना आपण ‘कधीच’ पण म्हणतो आणि ‘नाही’ पण म्हणतो. इंग्रजीत नेव्हरच्या पोटातच ‘नाही’ असतं. म्हणून, आय नेव्हर ड्रिंक टी. तिथं डोन्ट घालायचं नाही.

समटाइम्सला मात्र मोकळीक आहे. तो वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटीसुद्धा येतो. समटाइम्स आय गो टू द मार्केट. आय गो टू द मार्केट समटाइम्स. दोन्ही बरोबर.

आता खरी गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगा ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून चालत येतो. इंग्रजीच्या तासाला वाक्यं करायची होती. तेव्हा पोरं त्याच्याकडं बघून म्हणायची, ही इज ऑलवेज लेट. सगळे हसायचे. तो मान खाली घालायचा. वाक्य तर बरोबर होतं, इजच्या नंतर ऑलवेज. बाई म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, पण खरं आहे का ते मोजा. मग आम्ही जुलै महिनाभर वहीच्या शेवटच्या पानावर खुणा केल्या. शाळा २५ दिवस भरली. तो ६ दिवस उशिरा आला. त्या सहाही दिवशी ओढ्याला पाणी होतं. बाकीचे १९ दिवस तो प्रार्थनेच्या आधी हजर होता. मग बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ही इज समटाइम्स लेट. ही इज युज्वली ऑन टाइम. ती दोन्ही त्यानंच मोठ्यानं वाचली. तेव्हापासून वर्गात कुणी कुणाला ऑलवेज म्हणालं, की दुसरा लगेच विचारतो, मोजलंस का?

पालकांनो, तुम्हाला एक विनंती आहे, रागावू नका. ‘तू कधीच अभ्यास करत नाहीस’ याचं इंग्रजी होतं, यू नेव्हर स्टडी. ‘हा नेहमी खेळतच असतो’ याचं होतं, ही इज ऑलवेज प्लेइंग. असं म्हणायच्या आधी एक आठवडा मोजून बघा. बहुतेक समटाइम्स निघेल. आणि मुलांनो, ‘आई मला कधीच काही देत नाही’ असं आपणही म्हणतो. तेही मोजू या. सकाळची भाकरी धरून मोजायचं हं!

आता रिकाम्या जागा भरा.

१. अ इयर ........ हॅज ट्वेल्व्ह मन्थ्स.
२. अ फिश ........ वॉक्स टू स्कूल.
३. द मून इज ........ राउंड.
४. इट ........ रेन्स इन मार्च. हे आपल्या गावाबद्दल आहे.

उत्तरं: १. ऑलवेज. २. नेव्हर. ३. समटाइम्स. ४. सेल्डम किंवा रेअरली.

भित्तिपत्रकाच्या खाली एक कोरा कागद आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आहे. त्यावर प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं लिहावीत. एक ऑलवेजचं, एक समटाइम्सचं, एक नेव्हरचं. पालकांनीही लिहावीत, मराठीत लिहिली तरी चालतील. पण तिन्ही मोजून लिहा.