जांभळी एकिनेशिया : बीजापासून द्रव्यनिश्चितीपर्यंत

परदेशस्थ आप्तांनी आणून दिलेली ‘एकिनेशिया’ची बाटली पुढे ठेवून ‘हे आपल्या औषधांबरोबर घेतले तर चालेल का?’ असे विचारणारे रुग्ण आता वैद्यांना नवे राहिलेले नाहीत. औषधालयांच्या चालकांकडेही या द्रव्याची विचारणा होते. बाटलीवर केवळ ‘एकिनेशिया’ एवढेच छापलेले असेल, तर या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कारण हे नाव एका वनस्पतीचे नसून संपूर्ण प्रजातीचे आहे. यातील जांभळ्या फुलांची जाती तिच्या मायदेशी, म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, घरोघरीच्या बागांतून बियांपासून वाढवली जाते. ती लागवड समजून घेतल्यास द्रव्यनिश्चितीचा प्रश्नही पुष्कळसा उलगडतो, म्हणून प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

परिचय

एकिनेशिया ही सूर्यफुलाच्या कुलातील बहुवर्षायू प्रजाती. फुलाच्या मध्यभागी काटेरी, शंकूसारखा उंचवटा असतो व भोवतीच्या पाकळ्या खाली झुकलेल्या असतात. काटेरी प्राण्याचा निर्देश करणाऱ्या ग्रीक शब्दावरून हिचे नाव पडले. औषधात तीन जाती येतात. एकिनेशिया पर्प्युरिया ही जांभळी जाती. हिची पाने रुंद, दंतुर कडांची व मुळे तंतुमय, झुपकेदार असतात. एकिनेशिया अँगुस्टिफोलिया अरुंद पानांची व सोटमुळाची, तर एकिनेशिया पॅलिडा फिकट, लांब पाकळ्यांची, सोटमुळाचीच, पण पांढऱ्या परागांची असते. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ मैदानांवरील लाकोटा, पॉनी, शायेन आदी मूलनिवासी जमाती दंतशूळ व विषबाधा यांवर मुख्यतः अरुंदपर्णी जातीचे मूळ वापरीत. हे मूळ चघळले असता जिभेला झिणझिण्या येऊन बधिरता येते. आपल्या अक्कलकाऱ्याचा अनुभव असलेल्या वैद्यांना हे नवल वाटणार नाही. दोन्ही द्रव्ये एकाच कुलातील असून दोहोंत अल्कामाइड वर्गाचे घटक आहेत.

बीज बदलले, औषध बदलले

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जर्मनीतील डॉ. गेरहार्ड माडाउस यांनी अरुंदपर्णी जातीची लागवड करण्याच्या हेतूने अमेरिकेतून बी नेले. ते उगवून आल्यावर झाडे निघाली जांभळ्या जातीची. त्यांनी याच झाडांच्या ताज्या पंचांगातील भूमीवरील भागाच्या रसापासून औषध सिद्ध केले आणि पुढील काळातील युरोपीय संशोधन बहुतांशी याच जातीवर झाले. मूलनिवासींनी वापरले ते एका जातीचे मूळ, अभ्यासले गेले ते दुसऱ्या जातीचे ताजे पान-फूल, आणि विक्रीस आले ते एकाच नावाने. बीजाची ओळख न पटल्याचे परिणाम किती दूरवर जातात, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

बीजसंस्कार व पेरणी

या वनस्पतीत स्वपरागणाने सहसा बी धरत नाही, आणि निरनिराळ्या जाती शेजारी लावल्यास मधमाश्यांमार्फत संकर होतो. म्हणून औषधासाठी बी धरावयाचे तर बागेत एकच जाती ठेवावी. शोभेच्या दुहेरी पाकळ्यांच्या किंवा रंगीबेरंगी संकरित वाणांचे बी मूळ गुण राखत नाही. ते औषधी लागवडीस वर्ज्य समजावे.

फुलाचा शंकू पूर्ण वाळून काळपट झाला की तो खुडून, हाताने चोळून बी मोकळे करतात. शंकू टोचरा असल्याने हातमोजे घालणे बरे. थंड प्रदेशात हे बी शरद ऋतूत थेट जमिनीत टाकतात. हिमाळ्यातील ओल व गारवा यांनी त्याची सुप्तावस्था मोडते. वसंतात पेरावयाचे असल्यास बी ओलसर वाळूत मिसळून सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात चार आठवडे ठेवतात. जांभळी जाती या संस्काराशिवायही उगवते, मात्र उगवण एकसारखी होत नाही. अरुंदपर्णी व फिकट जातींना हाच गारवा दोन ते तीन महिने लागतो. बियांवर मातीचा अगदी पातळ थर पुरतो. २० अंशांच्या आसपास तापमान असल्यास दहा ते वीस दिवसांत अंकुर दिसतात. रोपे सुमारे ४५ सेंटीमीटर अंतरावर, भरपूर उन्हाच्या व उत्तम निचऱ्याच्या जागी लावतात. पाणी साचणाऱ्या जमिनीत बुंधा कुजतो. पहिल्या वर्षी बहुधा जमिनीलगत पानांचा झुपकाच दिसतो; फुले दुसऱ्या वर्षी येतात. भूमीवरील भाग फुलोऱ्यात असताना घेतात, आणि मूळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी, शरदात पाने सुकू लागल्यावर खणतात.

आपल्याकडे हे बी आणविण्याची इच्छा असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांवाचून परदेशी बी देशात आणता येत नाही. आप्तांच्या सामानातून चिमूटभर बी मागविणे हाही नियमभंगच होय.

भेसळ व चिकित्सेतील सावधगिरी

सुक्या मुळांच्या व्यापारात पार्थेनियम इंटेग्रिफोलियम या वनस्पतीच्या मुळांची भेसळ आढळून आलेली आहे. ही आपल्या गाजरगवताच्याच प्रजातीतील जाती. जर्मनीच्या ‘कमिशन ई’ समितीने जांभळ्या जातीचा भूमीवरील भाग व फिकट जातीचे मूळ यांस मान्यता दिली, परंतु जांभळ्या जातीच्या मुळास दिली नाही. एकाच झाडाच्या दोन अंगांविषयी दोन निर्णय! कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या समीक्षेत सर्दीवरील २४ चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांत वापरलेल्या कल्पांत जाती, अंग व निर्मितिप्रक्रिया यांची इतकी भिन्नता होती की, सर्वांस लागू पडेल असा ठाम निष्कर्ष निघू शकला नाही. लाभ दिसला तोही अल्पच.

म्हणून विचारणा करणाऱ्या रुग्णाच्या बाटलीवर जाती, अंग व कल्पना या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. गाजरगवत किंवा शेवंती यांची ॲलर्जी असणाऱ्यांस हे द्रव्य टाळण्यास सांगावे. आमवातासारख्या स्वप्रतिरक्षी व्याधींत, तसेच अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ते देऊ नये. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना ते पोटातून न देण्याचा सल्ला दिलेला आहे.

गुराखी, मेंढपाळ व वनवासी हे औषधी नावारूपाने जाणतात, असे चरकाचार्यांनी सांगितले. परंतु केवळ नामरूप जाणणाऱ्यास द्रव्याचा खरा ज्ञाता म्हटले नाही. एकिनेशियाच्या बाबतीत जगाने नाम घेतले आणि रूपाकडेही पुरते पाहिले नाही. ज्यांची रूपे आपल्या बाजारात अशीच मिसळलेली आहेत, त्या रास्ना, शंखपुष्पी आदी संदिग्ध द्रव्यांकडे वैद्यांनी व औषधालयांच्या चालकांनी याच दृष्टीने पाहावे. खात्रीचे बी आणून चार रोपे स्वतःच्या अंगणात वाढवावीत. पान, फूल, मूळ ओळखावे, चाखावे. मगच बाजारातील पोत्यात हात घालावा, एवढीच आमची विनंती.