ग्वेर्चिनोची रेघ, बार्तोलोत्सीचा पत्रा

अठराव्या शतकात युरोपात एका खास प्रकारचे जाडजूड ग्रंथ निघाले. त्यांत मजकूर थोडा आणि छापचित्रे पुष्कळ. त्यांतली बरीच चित्रे राफाएल, पार्मिज्यानिनो, काराच्ची, ग्वेर्चिनो अशा इटालियन चित्रकारांनी कागदावर केलेल्या रेखाटनांवरून तयार केलेली होती. पॅरिसमध्ये पिएर क्रोझा या संग्राहकाच्या पुढाकाराने निघालेले खंड १७२९ आणि १७४२ चे. लंडनमध्ये आर्थर पाँड आणि चार्ल्स नॅप्टन यांनी १७३४ पासून अशी छापचित्रे काढली, रोममध्ये पिरानेसीने १७६४ मध्ये ग्वेर्चिनोच्या रेखाटनांचा संग्रह छापला, आणि १७७८ मध्ये चार्ल्स रॉजर्सचे दोन खंड आले. फोटोग्राफी नव्हती म्हणून केलेली ही तात्पुरती सोय, एवढे म्हणून हे ग्रंथ बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे. मला तो चुकीचा वाटतो. एचिंग, म्हणजे पत्र्यावर आम्लाने रेघ कोरण्याचे काम, करणाऱ्याला रेखाटनाची प्रत काढण्याआधी ते वाचावे लागते. प्रत्येक रेघ कुठून निघाली, कुठे दाबली गेली, कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर आली, हे ठरवल्यावाचून त्याचा हात पुढे जाऊच शकत नाही. म्हणून ही छापचित्रे मला समीक्षेचा ऐवज वाटतात, आणि त्याचा पुरावा त्या कामाच्या रीतीतच आहे.

तांब्याचा पत्रा तापवून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर चढवतात. तो थर मेणबत्तीच्या धुराने काळा करतात, म्हणजे सुईने ओढलेली रेघ तांबूस चमकून दिसते. मूळ रेखाटन पातळ कागदावर उतरवून त्याच्या ठळक खुणा या काळ्या थरावर घेतात आणि मग सुई हातात येते. सुई तांबे कापत नाही, फक्त मेण बाजूला सारते. त्यामुळे हाताला विरोध जवळपास नसतो आणि सुई पिसाच्या लेखणीसारखी मोकळी फिरते. खरे कोरण्याचे काम पुढे आम्ल करते. पत्रा आम्लात जितका जास्त वेळ राहील तितकी रेघ खोल आणि छापात तितकी गडद. म्हणून फिकट रेघा पुरेशा खाल्ल्या गेल्या की पत्रा बाहेर काढून त्यांच्यावर वॉर्निश फिरवायचे, पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा, मग मधल्या रेघा झाकायच्या, असे टप्प्याटप्प्याने चालते. इथेच वाचन सक्तीचे होते. लेखणीने काढणाऱ्याने एका झपाट्यात जे केले, त्याचे थर या माणसाला सुटे करावे लागतात: ही चाचपडती पहिली रेघ, ही निर्णयाची, हा शेवटचा जोर. निवड चुकली तर आकृती कोसळते, आणि ती चूक पत्र्यावर साफ दिसते.

ग्वेर्चिनोची लेखणीची रेखाटने या कसोटीला सर्वांत कठीण. त्याची रेघ सरळ कडा आखत नाही. ती गोल वळते, तुटते, पुन्हा उचलली जाते, आणि एका खांद्याला तीन-तीन पर्याय सुचवून पुढे सरकते. १६६६ मध्ये तो गेल्यावर त्याच्या कागदांचा साठा बोलोन्यात भाचे जेन्नारी यांच्या घराण्यात राहिला. तिथून त्यातला मोठा भाग राजाचा ग्रंथपाल रिचर्ड डाल्टन याच्यामार्फत इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या संग्रहात गेला आणि आज विंडसरला आहे. याच डाल्टनने एचिंग करणाऱ्या फ्रान्चेस्को बार्तोलोत्सीला १७६४ मध्ये लंडनला आणले. बार्तोलोत्सीच्या ग्वेर्चिनोवरच्या एचिंगमध्ये पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे जिथे रेघा एकमेकींवर चढतात त्या जागा. गालाखालची सावली समांतर रेघांची असली तरी त्या रेघा यंत्रवत नाहीत. त्यांची टोके सुटी सोडलेली आहेत, कारण लेखणी तिथे उचलली गेली होती. हे कळायला हाताला चित्र काढता यावे लागते, आणि बार्तोलोत्सी आधी चित्रकार म्हणूनच शिकला होता.

यावर पहिला आक्षेप असा की छाप उलटा येतो. हा आक्षेप खरा आहे आणि तो किरकोळ नाही. उजव्या हाताने ओढलेल्या समांतर रेघा साधारणपणे वर उजवीकडून खाली डावीकडे उतरतात. पत्र्यावर चित्र सुलट घेतले तर छापात त्या डावखुऱ्याने काढल्यासारख्या दिसतात आणि उजेडही दुसऱ्या बाजूने येतो. उलट करून घेतले तर कारागिराला प्रत्येक वळण हाताच्या सवयीविरुद्ध काढावे लागते आणि ओघ हरवण्याची भीती असते. दोन्हींत काहीतरी गमवावे लागतेच. दुसरा आक्षेप असा की बार्तोलोत्सी आपल्या काळाचा गोडवा त्यात मिसळतो आणि ग्वेर्चिनोचे चेहरे जरा मऊ होतात. हेही मान्य. पण वाचनाला वाचणाऱ्याचा काळ चिकटणारच. मूळ कागद शेजारी ठेवला की हा मऊपणा नेमका कुठे शिरला ते बोट ठेवून दाखवता येते. माझा दावा लेखणीच्या रेखाटनांपुरताच ठाम आहे, हेही सांगायला हवे. शाईच्या पातळ छटांसाठी क्रोझाच्या खंडांत एचिंगवर लाकडी ठशांनी रंग दाबावा लागला, आणि खडूच्या खरखरीत पोतासाठी पुढे दातेरी चाकाची वेगळी रीत शोधावी लागली. तिथे सुईचे नैसर्गिक नाते संपते.

तिसरा आक्षेप फोटोचा: अचूक प्रतिमा मिळत असताना ही मध्यस्थी कशाला? पण अचूक यांत्रिक प्रत तेव्हाही अपरिचित नव्हती. खडूच्या रेखाटनावर ओला कागद दाबून त्याचा उलटा ठसा घेण्याची रीत होती आणि ग्वेर्चिनोच्या रेखाटनांचे असे ठसे विंडसरच्या संग्रहातही आहेत. त्यांत एकही रेघ कुणी मनाने बदललेली नाही. पण त्यांत सगळ्याच रेघा सारख्याच फिकट होऊन एका पातळीवर येतात, कारण कागद निवड करत नाही. फोटो याहून कितीतरी चांगला, त्याच्याशिवाय आज अभ्यास शक्यच नाही. पण कोणती रेघ निर्णायक होती याबद्दल त्याचे काही म्हणणे नसते.

उरतो सर्वांत जड आक्षेप: कारागिराने चुकीच्याच गोष्टीचे वाचन केले तर? १७३० मध्ये फ्रेंच संग्राहक कोंत द केल्यूसने लिओनार्दोच्या नावावर विचित्र चेहऱ्यांची एक मालिका एचिंगमध्ये काढली आणि मारिएतसारख्या जाणकाराने तिला पत्ररूप प्रस्तावना दिली. ती मूळ रेखाटने लिओनार्दोच्या हातची नसून नकला आहेत, असे नंतरच्या अभ्यासकांनी ठरवले. म्हणजे केल्यूसच्या खंडातून लिओनार्दोचा हात कळणार नाही. पण त्या काळच्या डोळ्याला लिओनार्दो म्हणून काय दिसत होते, ते त्या पानांइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि ती दृष्टी पुढच्या कामांत शिरली. १७४३ मध्ये लंडनमध्ये विल्यम होगार्थने स्वभावदर्शी चेहरे आणि व्यंगचित्र यांतला फरक दाखवणारे छापचित्र काढले, तेव्हा व्यंगाच्या बाजूला त्याने इटालियन व्यंगचित्रकार गेझ्झी आणि काराच्ची यांच्याबरोबर लिओनार्दोच्या नावाचे एक डोकेही मांडले.