लालबागेचे फाटक

वाचकहो, इंग्लंड देशातील जुन्या खेड्यांत दोन इमारती हमखास दृष्टीस पडतात. एक गावचे चर्च व दुसरे जमीनदाराचे मोठे घर. या घरास तिकडे 'मॅनर' असे म्हणतात. आपल्याकडील पाटलाचा वाडा किंवा जहागिरदाराची गढी यांच्याशी त्याचे नाते जवळचे आहे. परंतु 'मॅनर' हा शब्द मूळचा घराचा नव्हे, तो जमिनीचा. एका धन्याच्या ताब्यातील शेते, कुरणे, पिठाची गिरणी आणि तेथील कुळे हे सर्व मिळून मॅनर होई. धन्याने न्यायनिवाडा करावा आणि कुळांनी त्याच्या शेतात ठराविक दिवस राबावे, अशी मध्ययुगातील रीत होती. पुढे वेठ गेली व तिच्या जागी खंड आला. तरी ते मोठे घर जगत राहिले ते शेतावरच. एवढे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे आमच्या इंदूरच्या दोन घरांची हकीकत समजण्यास सोपी जाईल.

गेल्या हिवाळ्यात महाराष्ट्रातील एका खेड्यातून काही मंडळी आमच्याकडे पाहुणी आली होती. त्यांत एक सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई होत्या. "फादर, राजाचे घर दाखवा," असा त्यांचा हट्ट पडला. इंदुरात राजाचे घर म्हटले की लोक प्रथम भर बाजारातील राजवाड्याकडे बोट दाखवितात. तो होळकरांचा सात मजली जुना वाडा. खालचे मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागून पुष्कळ हानी झाली. तो पाहून आम्ही लालबागेकडे वळलो. शहरातला वाडा कारभारासाठी आणि गावाबाहेरचे बागबगीच्यातले घर राहण्यासाठी ही युरोपातील उमरावांची चाल. पुणे जिल्ह्यातील होळ गावच्या धनगराच्या पोराने, मल्हाररावांनी, जे घराणे उभारले, त्याच्या वंशजांनी ती एकोणिसाव्या शतकात उचलली.

खान नदीच्या काठी लालबागेचे काम १८८६ मध्ये, तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या अखेरीच्या वर्षी सुरू झाले. शिवाजीरावांच्या कारकीर्दीत ते चालू राहिले आणि तुकोजीराव तिसरे यांच्या वेळी, १९२१ मध्ये पुरे झाले. पस्तीस वर्षे व तीन राजे! आत इटलीच्या संगमरवराचे खांब, बिलोरी झुंबरे, रंगीत काचांच्या खिडक्या आणि छतावर युरोपीय पुराणकथांतील चित्रे आहेत. नृत्याच्या दालनातील लाकडी जमिनीखाली स्प्रिंगा बसविल्या आहेत, जेणेकरून नाचणाऱ्यांच्या पावलांना उसळी मिळावी.

बाहेरचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून जहाजाने आणलेले. त्यावर होळकर संस्थानचे राजचिन्ह आहे. आजीबाई तेथेच थबकल्या. चष्मा सावरून म्हणाल्या, "हा गहू आहे. पण हे बोंड कसले?"

ते बोंड अफूचे. राजचिन्हात गहू व अफू ही माळव्याची दोन पिके कोरलेली आहेत आणि खाली जो यत्न करतो त्यास यश लाभते अशा अर्थाचे वचन आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीत पिकलेली अफू मुंबईमार्गे चीन देशास जाई. त्या व्यापाराने इंदूरच्या पेढ्या गबर झाल्या आणि चीनमधील असंख्य घरे धुळीस मिळाली. संस्थानापाशी पैसा इतका की, खंडवा ते इंदूर या लोहमार्गासाठी तुकोजीराव दुसरे यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. म्हणजे या घराचे खरे मूळ त्या फाटकावरच दाखविले आहे. संगमरवर इटलीचा असेल, लोखंड इंग्लंडचे असेल. घर उभे राहिले ते माळव्यातील शेतकऱ्याच्या साऱ्यावर.

दालनांमागून दालने पाहून झाल्यावर आजीबाईंनी विचारले, "एवढ्या घरात चूल कुठे?" वाड्यात चूल नाही. मुदपाकखाना नदीच्या पलीकडच्या तीरावर होता आणि तेथून वाड्यापर्यंत जमिनीखालून भुयारी वाट होती. धूर, फोडणीचा वास आणि वाढप्यांची ये-जा मेजवानीच्या पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये, अशी ती योजना. युरोपातील मोठ्या घरांतही चाकरांसाठी मागचे जिने व वेगळ्या वाटा असत. "मग ताटे गरम कशी राहत असतील, आणि ती नेणारी माणसे केव्हा जेवत असतील?" असे आजीबाई म्हणाल्या. मजजवळ उत्तर नव्हते.

ज्यांनी लालबाग पुरी केली, त्या तुकोजीरावांस राज्य लाभले नाही. १९२५ मध्ये मुंबईस मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला आणि त्या प्रकरणाचे धागे इंदूर दरबाराकडे जातात असा गवगवा झाला. चौकशीला सामोरे जावे किंवा गादी सोडावी, असा पेच पडताच त्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. गादीवर आले त्यांचे पुत्र यशवंतराव, वय वर्षे सतरा.

यशवंतराव ऑक्सफर्डास शिकले. तेथे त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन स्थापत्यकाराशी मैत्री जमली. या एकार्टचे वडील हेर्मान मुथेसियस १८९६ ते १९०३ या काळात लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. तेथे त्यांनी इंग्रजांच्या घरांचा कसून अभ्यास करून तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. घर हे मिरविण्यासाठी नसून राहण्यासाठी असते. उजेड, हवा व सोय ही त्याची खरी शोभा, हा इंग्रजी खेड्यातील घरांचा धडा त्यांनी जर्मनांपुढे ठेवला. बापाने लिहिलेला धडा मुलाने इंदुरात गिरविला, असे म्हणण्यास हरकत नाही. १९३० ते १९३३ या काळात त्याने माणिकबाग बांधली. तेथे छतावर देवदेवता नाहीत व नक्षीदार खांबही नाहीत. साध्या रेषा, मोठ्या खिडक्या, काच व धातूचे सामान. फर्निचर पॅरिस आणि बर्लिनच्या नामवंत कारागिरांकडून आले. ब्रांकुशी या शिल्पकाराकडून यशवंतरावांनी झेप घेणाऱ्या पक्ष्याची तीन शिल्पे घेतली आणि बागेत ध्यानमंदिर बांधण्याचेही ठरविले.

परंतु मनुष्य योजतो एक व घडते दुसरेच. १९३७ मध्ये महाराणी संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या. त्याच सुमारास ब्रांकुशी इंदुरास येऊन रिकाम्या हाताने परतला. ध्यानमंदिर कधीच झाले नाही. ज्या दोघांसाठी घर सजले, त्यांतील एकच उरले.

पुढे १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतराव १९६१ मध्ये वारले. १९७१ मध्ये राजेलोकांचे तनखे बंद झाले. पक्ष्यांपैकी संगमरवराचे दोन ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या संग्रहालयाने घेतले. ब्राँझचा पक्षी अमेरिकेत पॅसाडेना येथे आहे. १९७६ पासून माणिकबागेत केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय थाटले आणि १९८० मध्ये तेथील सामानाचा मोनाको येथे लिलाव झाला. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयाने त्या सामानाचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा इंदूरचे घर पॅरिसला जाऊन पाहावे लागले! लालबाग मात्र सरकारच्या ताब्यात येऊन संग्रहालय म्हणून टिकली.

इंग्लंडातही असेच झाले. धान्याचे भाव पडले, खंड घटला, १८९४ पासून वारसांवर नवा मृत्युकर बसला. पुढे दोन महायुद्धांत घरचे मुलगे कामी आले. विसाव्या शतकात तेथील शेकडो मोठी घरे पाडली गेली. शेताशी नाते तुटले की भिंती फार दिवस तग धरीत नाहीत.

तरीही काही घरे लोकांनी जीव लावून जपली आहेत. इंग्लंडच्या वूस्टरशायर परगण्यात हार्विंग्टन हॉल म्हणून एक जुने मॅनर आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५८५ च्या कायद्याने कॅथलिक धर्मगुरूने देशात असणे हा राजद्रोह, व त्याला आसरा देणे हा देहान्ताचा गुन्हा ठरला. त्या काळात अशा घरांतील जिन्याखाली, चुलीमागे व भिंतींच्या पोटात धर्मगुरूंना लपविण्यासाठी कोनाडे केलेले होते. निकोलस ओवेन नावाचा येशूसंघीय बंधू, व्यवसायाने सुतार, रात्री एकट्याने काम करून असे कोनाडे बांधी. १६०६ मध्ये लंडनच्या किल्ल्यात हाल होऊन तो मेला, पण त्याने एकाही घराचे नाव सांगितले नाही. १९७० मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. हार्विंग्टनला आज येणारे लोक उमरावाची मेजवानीची जागा पाहतात खरे, पण ते खोळंबतात ते त्या अरुंद कोनाड्यापाशी.

आमचीही गत तीच झाली. परतताना मंडळींच्या बोलण्यात झुंबरे फारशी नव्हती. भुयार मात्र वारंवार येत होते. फाटकाशी आल्यावर आजीबाईंनी त्या लोखंडी गव्हाच्या लोंबीवरून, शेतात फिरवितात तसा, हळूच हात फिरविला आणि मग त्या रस्ता ओलांडून रिक्षेत बसल्या.

वाचकहो, इंदुरास याल तेव्हा मुलांना घेऊन लालबाग अवश्य पाहा. तेथले रक्षक नृत्याचे दालन आपण होऊन दाखवितात. चूल कोठे होती, हे मात्र तुम्हीच विचारा.